बेर्तलानची निर्मळ रिळं

बेर्तलान फेब्रुवारीत गेला. आता ऑक्टोबर सरत आला होता, शोप्रोनच्या बाजारात चेस्टनट भाजायच्या शेगड्या लागल्या होत्या, तरी संध्याकाळ झाली की एतेल्का स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरायची. किटलीनं शिट्टी घालायच्या आत ती उतरवायची. कपाटाचं दार दोन बोटं मध्ये घालून लावायची. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायची. कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ज्याच्यासाठी हे सगळं जन्मभर केलं तो टेकडीवरच्या कबरस्तानात पडला होता. त्याला आता हिच्या खोकल्याचं काय सोयरसुतक!

पुरुषांना नाना छंद असतात. कुणी पितो, कुणी पत्ते कुटतो, कुणी दुसऱ्याच्या बायकोच्या खिडकीखालून शीळ घालत जातो. बेर्तलान संगीत गोळा करायचा. तेही कुठलंही नव्हे. बाख, व्हिवाल्दी, टेलेमान, फार तर फार हायडन. हायडन वारला आणि त्याच्याबरोबर संगीतही वारलं, पुढे चाललाय तो नुसता दुखवटा, असं त्याचं मत होतं. दुकानात तबकड्या मिळायच्या, पण मोजक्या, आणि त्याही आल्या आल्या संपायच्या. खरा खजिना रेडिओवर. शोप्रोन सरहद्दीला टेकलेलं, त्यामुळे बुडापेस्ट तर लागायचंच, पण हवा स्वच्छ असली की व्हिएन्नाही लागायचं, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाचे शौकीन या एका कारणासाठी शोप्रोनकरांवर जळायचे. दर आठवड्याला रेडिओचं साप्ताहिक आलं की बेर्तलान लाल-निळी पेन्सिल घेऊन बसायचा. निळी खूण म्हणजे नुसतं ऐकायचं. लाल खूण म्हणजे टेपवर घ्यायचं, आणि तेवढा वेळ घर मेलेलं पाहिजे.

लग्न झालं तेव्हा दोघांना एकच खोली होती. खणांच्या कपाटावर रेडिओ, समोर खुर्चीवर टेपरेकॉर्डर आणि पुस्तकांच्या चळतीवर, रेडिओच्या तोंडाशी, मायक्रोफोन. टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा लागला की खोलीतला प्रत्येक आवाज टेपवर जाणार. चमचा, खुर्ची, नाक ओढणं, सगळं. जूनमध्येसुद्धा खिडक्या बंद. एतेल्का कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत विणकाम घेऊन बसायची. पुढे तेही सोडलं, कारण सुया वाजतात. तिच्याकडून चूक झाली तर बेर्तलान ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसती मान हलवायचा, आणि पुढच्या वेळी ते रीळ पुसून त्यावर दुसरं काही घ्यायचा. सांस्कृतिक भवनात गुरुवारी जमणाऱ्या टेपवाल्यांच्या मंडळात एक शब्द होता, निर्मळ. ज्या रिळात खोकला नाही, खरखर नाही, माणसाचा वास नाही, ते निर्मळ. बेर्तलानची रिळं निर्मळ, यावर तिथे कधी वाद झाला नाही.

भिंतीपलीकडे तेर्का राहायची. नवऱ्याला पुरून उरलेली, जिभेला हाड नसलेली बाई. ती विचारायची, "तुमच्याकडे दोन माणसं राहतात की दोन मासे गं?" रविवारी अकराच्या सुमाराला त्या जिन्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून लाकडी हातोडीनं मांस बडवल्याचा आवाज यायचा. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या कापांशिवाय तिथे रविवार होत नाही. ज्या घरातून तो आवाज येत नाही तिथे एक तर मयत झालेली असते नाहीतर भांडण. एतेल्काच्या घरातून तो कधीच आला नाही, कारण रविवारी सकाळी व्हिएन्नाच्या एखाद्या चर्चमधलं संगीत लागायचं आणि त्यावर हमखास लाल खूण असायची. ती शनिवारीच खाटकाकडून मांस बडवून आणायची.

"बडवलेलं मांस विकत आणणारी अख्ख्या शोप्रोनात तूच," तेर्का म्हणायची. "अगं, नवऱ्यावरचा राग काढायची आठवड्यातून तेवढीच तर सोय असते!"

मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर त्याला रडायच्या आधी रेडिओचं साप्ताहिक बघावं लागलं असतं, असंही तेर्का एकदा म्हणाली. त्यानंतर मात्र एतेल्का तिच्याशी बरेच दिवस बोलली नव्हती.

असा हा बेर्तलान छातीच्या दुखण्यानं गेला, आणि उन्हाळ्यात कधीतरी, औषधांच्या दुकानाच्या रांगेत उभी असताना, एतेल्काच्या लक्षात आलं की तिला त्याचा आवाज आठवत नाहीये. तो तिला एतुश म्हणायचा. शब्द आठवत होता, पण तो शब्द ज्या आवाजात यायचा तो आवाज कुठे गेला? जाड होता की बारीक? नाकातून यायचा का? ती रांगेत ओठ हलवून बघत राहिली. तिच्या तोंडून तिचाच आवाज येत होता. नंबर आला तेव्हा काय घ्यायला आलो हेही ती विसरली.

तेव्हापासून तो स्वप्नात यायला लागला. फाटकाशी उभा राहून काहीतरी सांगायचा. ओठ हलायचे, हात हलायचे, पण ऐकू काही यायचं नाही. ती म्हणायची, मोठ्यानं बोल. तो पुन्हा सगळं सांगायचा, अगदी सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं, आणि तरी आवाज नाही. जाग आली की घरात तीच शांतता बसलेली असायची. दुसऱ्यांची मेलेली माणसं म्हणे दारं वाजवतात, जिने चढतात. आपल्या माणसानं मेल्यावरही आवाज करू नये, याची तिला भीती वाटायची आणि चीडही यायची.

त्याचे फोटो होते, कोट होता, चष्मा होता, दाढीच्या ब्रशाला अजून त्याचा वास होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. भिंतभर रिळं, त्यांत सगळ्या युरोपातली व्हायोलिनं, सनया, गाणाऱ्या बाया, मेलेले ऑर्गनवादक, आणि ज्यानं ती सगळी जमवली तो एकटा त्यांत नाही. आयुष्यभर त्यानं माणसाचा आवाज पुसला आणि त्यात स्वतःचाही पुसला. पण कुठेतरी एखादी चूक राहिली असेल, एवढी एक आशा तिनं धरली. आणि घाई अशी की रिळं मंडळाला द्यायची बेर्तलानची इच्छा होती, आणि मंडळाचा कोर्नेल शनिवारी दुपारी गाडी घेऊन येणार होता.

ज्या यंत्राला तिनं कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं ते ती आदल्या दिवशी स्वतः सुरू करून बसली. पहिलंच रीळ फिरायला लागलं. आधी नुसती शांतता. मग त्या शांततेत, फार लांबून, भिंतीच्या आतून यावं तसं कुणीतरी गायला लागलं. आणि क्षणभरानं तीच ओळ, तेच गाणं, खऱ्या मोठ्या आवाजात सुरू झालं. तिनं दुसरं रीळ लावलं. तिथेही तसंच. गाणं यायच्या आधी गाण्याचं भूत येऊन जायचं. तिनं यंत्राचं बटण दाबलं आणि दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन बसली.

शनिवारी कोर्नेल आला. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेला, गळ्याला बो-टाय लावणारा, आपल्या कानांचा भलता अभिमान असलेला गृहस्थ. सनई वाजली की वाजवणाऱ्याला सर्दी आहे की नाही हे तो सांगायचा, आणि मंडळात कुणी ते पडताळून बघायला जायचं नाही.

"हात चुंबतो, एतेल्का!" असा जुन्या रिवाजाचा नमस्कार घालत त्यानं दारातच बूट काढले. तिनं त्याच्यापुढे घरात होत्या त्या एकुलत्या एक पुरुषी सपाता ठेवल्या. कोर्नेलनं त्यांच्याकडे बघितलं, ओळखल्या, आणि तो मोज्यांवरच आत आला. "नको, मला थंडी नाही वाजत."

तिनं चीजच्या पोगाचांची, म्हणजे छोट्या खारट पावांची, ताटली आणि आलुबुखारची ब्रँडी पुढे ठेवली. कोर्नेलनं एक घोट घेतला आणि भिंतीकडे वळून हळहळला. "केवढं हे धन! तुम्हाला सांगतो, अशी निर्मळ रिळं बुडापेस्टमध्येसुद्धा सापडायची नाहीत. माशीसुद्धा नाही हो त्यांत."

"तेच तर," एतेल्का म्हणाली. "न्यायच्या आधी माझं एक काम करा, कोर्नेल. मला त्याचा आवाज शोधून द्या."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? व्हिवाल्दीचा? माझ्या नवऱ्याचा!"

कोर्नेल हसला. "बेर्तलानच्या रिळांत बेर्तलान? अहो, पोपच्या न्हाणीघरात बाई शोधायला सांगताय तुम्ही." पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हसू आवरलं आणि बोटं कपाळाला लावून विचार केला. "थांबा. शेपट्या बघू या."

"कसल्या शेपट्या?"

"पुसलेलं रीळ सगळं पुसलं जात नाही. समजा तासाभराचं काही घेत होता आणि तुम्ही शिंकलात. ते फुकट गेलं. मग पुढल्या वेळी त्याच टेपवर त्यानं अर्ध्या तासाचं दुसरं घेतलं. आता पहिला अर्धा पुसला गेला, पण उरलेल्या शेपटीवर जुनं तसंच राहतं. संगीत संपलं की आपण बटण दाबतो. शेपटी कोण ऐकतो?"

आदल्या दिवशीच्या भुताची गोष्ट तिनं भीत भीत सांगितली. त्यावर तो म्हणाला, "हात्तिच्या! रीळ वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलं की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. सगळ्याच जुन्या टेपांना होतं ते. आम्ही त्यालाच भूत म्हणतो." आपल्या घरात जे घडतं त्याला मंडळात आधीपासून नाव आहे, हे ऐकून एतेल्काला धीर यायला हवा होता. तो काही आला नाही.

मग ते दोघं शेपट्या ऐकत बसले. कोर्नेल रीळ लावायचा, भराभर शेवटाकडे पळवायचा, संगीत संपून टच्च आवाज झाला की बोट वर करायचा. आणि त्या टोकाला, जिथे कुणी कधी कान लावला नव्हता, तिथे त्यांची पहिली खोली जिवंत होती. एके ठिकाणी खालच्या अंगणातला कुत्रा भुंकला. एका ठिकाणी दार करकरलं. एका ठिकाणी काहीतरी बारीक किणकिणलं आणि एतेल्का उठून उभी राहिली.

"ती माझी सुई पडली! हिरवा स्वेटर होता, त्याच्यासाठीच विणत होते." ती यंत्रावर ओणवली. "आता तो काहीतरी बोलेल."

पण तो बोलला नाही. सुईनंतर लगेच टेप थांबवलेली होती. मान हलवल्याचा आवाज टेपवर येत नाही.

पाच-सहा रिळं झाल्यावर कोर्नेलनं भिंतीचा मोठा भाग हातानं दाखवून सोडून दिला. "या इकडच्या सगळ्यांत बघायचं कारण नाही."

"का?"

"ही केबलवरची. नवा रेडिओ आला ना, मागे खोबण असलेला, त्यानंतरची."

"मग?"

"मग काय, केबलवर खोलीतला आवाज जातच नाही. रेडिओतून निघतं ते सरळ टेपमध्ये. मध्ये मायक्रोफोन नाही न काही नाही. तुम्ही इथे ढोल बडवला असतात तरी…" आणि मग एतेल्काचा चेहरा त्याला दिसला.

"नवा रेडिओ," ती म्हणाली, "आम्ही या घरात राहायला आलो तेव्हाचा. माझे केस काळे होते तेव्हा."

"हो. तेव्हाचाच."

"आणि दिवा? लाल दिवा तर लागायचा!"

"दिवा लागणारच. टेप चालू आहे एवढंच सांगतो तो."

"मग मी गप्प कशाला बसत होते, कोर्नेल?"

कोर्नेलनं एक पोगाचा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं," एतेल्का म्हणाली. "तुम्ही सगळे इथे येऊन बसायचात. मी खाणाखुणा करून कॉफी विचारायची. तुम्ही खाणाखुणा करून साखर मागायचात! माकडासारखी नाचवलीत मला, आणि एकानंही सांगितलं नाही?"

"मी त्याला म्हटलं होतं," कोर्नेल खाली मान घालून म्हणाला. "एकदा, परत जाताना, जिन्यात. म्हटलं, बाबा रे, सांगून टाक तिला. तर मला म्हणाला, सांगू नकोस. तिला कळलं तर ती उठून स्वयंपाकघरात जाईल."

एतेल्का उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

उद्याचं मांस खाटकाकडून बडवून आणलेलंच होतं. तिनं ते पाटावर टाकलं, खणाच्या तळाशी पडलेली लाकडी हातोडी काढली आणि बडवायला सुरुवात केली. शनिवार दुपार होती, कुणी मांस बडवायची वेळ नव्हती. ताटल्या हादरल्या, फळीवरची झाकणं खाली आली, खिडकीची काच वाजली. मांसाचा कागद झाला तरी ती बडवत होती. भिंतीवर पलीकडून थाप पडली आणि तेर्काचा आवाज आला, "एतेल्का? तूच आहेस का गं? की चोर शिरलेत?"

"मीच आहे!" एतेल्का ओरडली. आपलं ओरडणं ऐकून तीच दचकली.

तिला त्याचा असा राग आला होता की तो समोर असता तर हातोडी त्याच्यावरच चालली असती. वर्षंच्या वर्षं. तेर्काकडे जाऊन बसता आलं असतं, गाणं म्हणता आलं असतं, चारचौघींसारखं नवऱ्याशी भांडता आलं असतं. आणि त्या रागाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा जास्त दुखत होतं. त्याला ती जवळ बसलेली हवी होती. एवढंच हवं होतं. मग तोंड उघडून सांगायला काय झालं होतं मेल्याला? बस ना गं इथे, एवढे शब्द काय जड होते? पण नाही, त्याला ते बोलवलं नाही, म्हणून त्यानं तिचं बोलणं बंद केलं.

ती हात धुऊन बाहेर आली तेव्हा कोर्नेल जागचा हलला नव्हता.

"न्या सगळं," ती म्हणाली. "मला त्याचा आवाज नको. यंत्रही न्या."

कोर्नेलनं वाद घातला नाही. तो खोक्यांत रिळं भरायला लागला, खोकी दाराशी नेऊन ठेवायला लागला. टेपरेकॉर्डर उचलताना त्याच्या मागून, भिंतीच्या फटीतून, एक डबा खाली पडला. कोर्नेलनं तो उलटसुलट करून पाहिला. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे बेर्तलानचं नाही," तो म्हणाला. "बेर्तलान आणि नाव न घातलेला डबा? अशक्य."

"असेल कोरं. घेऊन जा."

"नाव नसलेलं रीळ मंडळात चालत नाही, एतेल्का. दोन मिनिटं. कोण वाजवतंय तेवढं ऐकतो आणि लिहितो." कान असणाऱ्या माणसाला मोह आवरत नाही. त्यानं यंत्र परत टेबलावर ठेवलं आणि रीळ चढवलं.

एकट्या व्हायोलिनचं बाख होतं. कोर्नेलचा चेहरा आधी खुलला, आणि मग त्यानं कुजकं अंडं हुंगल्यासारखं नाक मुरडलं. "अरेरे! हे मायक्रोफोनवर घेतलंय! ऐकताय ना? खोली ऐकू येतेय. घड्याळ बघा केवढं वाजतंय. हातात केबल असताना मायक्रोफोन कुठला शोधून काढला यानं? आणि हे काय, कोण घोरतंय?"

"घोरत नाही," एतेल्का म्हणाली. ती सावकाश खुर्चीत बसली. "तो श्वास घेतोय. जानेवारीतला आहे हा श्वास."

शेवटचा जानेवारी. पलंगाऐवजी त्याला खुर्चीतच बरं वाटायचं, म्हणून तिनं त्याला रेडिओजवळ उशा लावून बसवलं होतं. तिला आता आठवलं, त्या दिवशी तिच्या कॉफीच्या पेल्याशेजारी एक काळी डबी उभी होती. यंत्राचा काहीतरी भाग असेल म्हणून तिनं पेला तेवढा बाजूला सरकवला होता. पेला सरकल्याचा आवाजसुद्धा टेपवर आला. व्हायोलिन वाजत होतं आणि त्याच्या खाली तो छातीतला श्वास, फाटक्या भात्यासारखा, आत-बाहेर होत होता. कोर्नेलनं टीका करायचं थांबवलं होतं.

व्हायोलिन संपलं. निवेदिका जर्मनमध्ये काही म्हणाली आणि कुणीतरी रेडिओ बारीक करत करत बंद केला. टेप मात्र चालूच होती.

"थांबवायला विसरला," कोर्नेल कुजबुजला.

"एतुश," टेपवरून आवाज आला.

जाड नव्हता, बारीकही नव्हता. थोडा घोगरा होता, आणि त्यात लाज होती, मुलीच्या घरी पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या आवाजात असते तशी. एतेल्कानं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. हाच तो. असाच होता.

"एतुश," आवाज पुन्हा म्हणाला, दम खात. "काहीतरी बोल ना."

घड्याळ वाजत राहिलं.

"काहीही बोल. कोबीचा भाव सांग हवं तर. तुझा आवाज…"

"शू!"

तो आवाज एवढा जवळून आणि एवढा जोरात आला की कोर्नेल मागे सरकला. चर्चमध्ये मुलाला गप्प करावं तशी करकरीत शू. त्यानंतर बेर्तलान हसला. हसता हसता त्याला खोकला लागला, तो बराच वेळ खोकला, आणि मग टच्च करून टेप थांबली.

कोर्नेलनं खालच्या आवाजात विचारलं, "ही शू कुणाची?"

"माझी," एतेल्का म्हणाली. "मला वाटलं तापात बरळतोय. रीळ खराब होईल, मग शुद्धीवर आल्यावर हळहळेल, म्हणून मी बोट दाखवून गप्प केलं त्याला." ती यंत्राकडे बघत होती. "दिवा लागला होता ना."

कोर्नेलनं बाकीची खोकी एकट्यानं खाली नेली. यंत्राला आणि त्या रिळाला त्यानं हात लावला नाही. तो जिना उतरला तेव्हा वर रीळ उलटं फिरल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

ती पुन्हा ऐकत होती. तिच्याजवळ सांगायला आता ढीगभर होतं. कोबी महागलाय. तेर्काचा गुडघा धरलाय. तुझ्या कबरीवर शेवंती लावायची राहिलीय. मला सगळं कळलंय, आणि तू गाढव आहेस. तो म्हणाला, काहीतरी बोल ना, आणि तिनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचीच शू आली. तिनं रीळ मागे नेलं. तो पुन्हा म्हणाला. ती पुन्हा उशिरा पोचली. पलीकडे तेर्का भिंतीला कान लावून उभी होती. तिला वाटलं एतेल्काकडे कुणी पाहुणा आलाय, आणि एतेल्का त्याला एक शब्दही बोलू देत नाहीये.